खिडकीवरचे घरटे आणि एक चुकलेले नाव

बंगळूरच्या मल्लेश्वरम भागातल्या जुन्या घरांना खिडक्यांवर एक लाकडी छत्री असते. पुढे झुकलेली, माथ्याशी टोकदार, समोरून उभ्या पट्ट्यांची. इथे तिला ‘मंकी टॉप’ म्हणतात. पावसाची झड आणि दुपारचे ऊन अडवावे म्हणून माणसाने ती केली, पण तिच्या आतल्या कोरड्या, अंधाऱ्या कोपऱ्याचा खरा उपभोग कीटक घेतात. आम्ही भाड्याने राहतो त्या घराला अशा चार छत्र्या आहेत. गेल्या जानेवारीत घरमालकांनी त्यांची डागडुजी आणि रंगकाम काढले. कुजलेल्या पट्ट्या बदलायच्या, जुना रंग खरवडायचा आणि नवा द्यायचा, एवढेच काम होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी रंगारी शिडीवरून खाली आला आणि म्हणाला, “मॅडमजी, ऊपर बर्रे है.”

मी वर पाहिले. छत्रीच्या खालच्या आडव्या फळीवर मातीचे तीन-चार ओबडधोबड गोळे होते, कोणी मुठीने थापल्यासारखे. मी वीस वर्षे शाळेत जीवशास्त्र शिकवते. ते गोळे मला पाहताक्षणी ओळखू आले आणि ओळखू आल्याचा आनंदही झाला. ही कुंभारीण. शास्त्रीय नाव स्केलिफ्रॉन मद्रासपाटानम, म्हणजे नावातच मद्रास. काळी-पिवळी, कंबर दोऱ्यासारखी. मी रंगाऱ्याला तिथेच उभ्या उभ्या धडा दिला. ही माशी एकटी राहते. ओल्या चिखलाच्या गोळ्या आणून कोठड्या बांधते, डंखाने लुळे केलेले कोळी त्यांत भरते, अंडे घालते आणि तोंड लिंपून निघून जाते. तिची वसाहत नसते, राखणदार नसतात, त्यामुळे ती माणसाच्या अंगावर सहसा येत नाही. शिवाय या गोळ्यांना भोके पडली आहेत, म्हणजे आतली पिल्ले केव्हाच उडून गेली. घरटे रिकामे आहे, खुशाल खरवडा.

तो म्हणाला, “वो नहीं, उसके पीछे. लकड़ी खा रही हैं.”

लाकूड वाळवी खाते, किंवा भुंगा पोखरतो, असे मी त्याला सांगितले. त्याने आणखी एकदा वर पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. ज्या घरी काम करायचे तिथल्या बाईशी हुज्जत कोण घालणार? तो शिडी चढला.

पुढचे सगळे मिनिटाभरात घडले. पत्रीचा पहिला घाव बसला, मातीचा गोळा सुटून अंगणात फुटला, आणि फळीमागून काही तांबूस ठिपके बाहेर आले. त्याने ओरडून एक हात चेहऱ्यावर घेतला, दुसऱ्या हाताने शिडी घट्ट धरली आणि एकेक पायरी मोजत खाली उतरला. त्याने उडी टाकली नाही, म्हणून हाडे तरी वाचली. मनगटावर दोन डंख होते, मानेवर एक. मी बर्फ आणायला आत गेले. शेजारच्या बाईंनी लोखंड घासायला सांगितले. बर्फ घेऊन बाहेर येते तो त्याचे तळहात खाजू लागले होते, पोटावर चट्टे उठत होते आणि खालचा ओठ जाड झाला होता. “गला बंद हो रहा है,” तो म्हणाला. आवाज घोगरा झाला होता.

तीन डंखांनी निरोगी माणूस दुखण्याने कळवळतो, जागा सुजते, दोन दिवसांत उतरते. पण ज्याच्या शरीराने पूर्वीच्या एखाद्या डंखानंतर त्या विषाविरुद्ध विशिष्ट प्रतिपिंडे तयार करून ठेवली असतील, त्याची गोष्ट वेगळी. त्याला विषाचे प्रमाण मारत नाही, शरीराचा स्वतःचाच प्रतिसाद मारतो. रक्तदाब कोसळतो, श्वासनलिका आवळतात. याला अतितीव्र अधिहर्षता म्हणतात. मी हे नववी-दहावीच्या मुलांना फळ्यावर बाण काढून शिकवलेले आहे. रिक्षात त्या माणसाच्या खांद्याला धरून बसले असताना त्यातला एकही बाण उपयोगाचा नव्हता. मी त्याला ताठ बसवून ठेवले होते, हेही चूकच होते. श्वासाला फार त्रास होत नसेल तर अशा रुग्णाला आडवे करून पाय उंच ठेवायचे असतात, हे मला नंतर कळले.

रुग्णालयात मांडीच्या बाहेरच्या बाजूला अॅड्रेनॅलिनचे इंजेक्शन दिले. पाच-सात मिनिटांत त्याचा आवाज मोकळा झाला. चट्टे हळूहळू विरले. तरी डॉक्टरांनी संध्याकाळपर्यंत ठेवून घेतले, कारण पहिला झटका ओसरल्यावर काही तासांनी दुसरा येऊ शकतो. कागदावर लिहिता लिहिता त्यांनी विचारले, “काय चावलं?”

“कुंभारीण,” हे उत्तर माझ्या ओठांपर्यंत आले होते. मी म्हणाले, “माहीत नाही.”

डॉक्टर म्हणाले, आजच्या उपचाराला त्याने फरक पडत नाही, पुढे मात्र पडेल. मधमाशीचे विष वेगळे, गांधीलमाशीचे वेगळे. एकाची अधिहर्षता असलेल्याला दुसऱ्याची असेलच असे नाही, आणि ती कमी करण्याचे उपचार करायचे झाले तर नेमके कोणाच्या विषावर, हे ठाऊक असावे लागते. जखमेत काटा राहिला नव्हता, एवढे त्यांनी पाहिले होते. मधमाशीची नांगी काटेरी असते, ती कातडीत अडकून तुटते. गांधीलमाशीची नांगी सहज बाहेर येते आणि ती पुन्हा पुन्हा डसू शकते. म्हणजे बर्रे. हिंदीत गांधीलमाशीला बर्रे म्हणतात. सकाळी शिडीवरून उतरून त्याने मला जे सांगितले होते, ते डॉक्टरांनी दुपारी माझ्यासमोर सिद्ध केले.

माझी कुंभारीण खोटी नव्हती. मातीचे गोळे तिचेच होते. चूक अशी की ओळखीची वस्तू दिसल्यावर मी पाहणे थांबवले आणि त्याने बोट दाखवले होते तिकडे पाहिलेच नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे, थंडीने माश्या सुस्त असताना, मी खोलीतल्या बाकावर चढून खिडकीच्या वरच्या काचेतून त्या फळीमागे पाहिले. वितीएवढे, राखाडी, जुन्या वर्तमानपत्राच्या लगद्यासारखे एक पोळे छताला देठांनी लटकले होते. षटकोनी कोठड्यांची तोंडे खाली, वर कसलेही आवरण नाही. काही कोठड्यांत पांढऱ्या अळ्या दिसत होत्या, काहींना कोषाच्या फिकट टोप्या होत्या. पोळ्यावर अठरा-वीस माश्या दाटीवाटीने बसल्या होत्या.

सूर्य वर आल्यावर एक माशी उडाली आणि हातभर अंतरावरच्या रंग उडालेल्या चौकटीवर बसली. तोंड खाली करून मागे मागे सरकू लागली. ती सरकली तिथे लाकडावर एक फिकट, ताजी रेघ उमटली. मग दिसले की सारी चौकट अशा रेघांनी भरलेली होती. लकड़ी खा रही हैं. ती खात नव्हती, तंतू खरवडून, लाळेत मळून त्याचा लगदा नेत होती. फ्रेंच शास्त्रज्ञ रेओम्यूर यांनी 1719 मध्ये गांधीलमाश्यांचे हेच काम पाहून सुचवले होते की कागद चिंध्यांऐवजी लाकडापासूनही करता येईल. ही गोष्ट मी दरवर्षी वर्गात सांगते. ती सांगणारी मी, आणि तीच गोष्ट डोळ्यांनी पाहून आलेल्या माणसाला ‘ती वाळवी असेल’ म्हणणारीही मीच.

निरीक्षण खरे आणि अर्थ वेगळा, याचे आपल्याकडचे जुने उदाहरण म्हणजे कीटक-भृंगी न्याय. भृंगी अळीला मातीच्या घरात कोंडते, अळी भीतीने तिचेच ध्यान करते आणि शेवटी स्वतः भृंगी होऊन बाहेर पडते. अध्यात्मात हा दृष्टान्त शतकानुशतके चालत आला आहे. ज्याने कोणी तो प्रथम सांगितला, त्याने पाहिलेले सगळे बरोबर होते. काही कुंभारणी खरोखरच मातीच्या कोठडीत अळ्या भरतात आणि काही दिवसांनी तिथून माशीच बाहेर येते. फक्त मधले अंडे त्याला दिसले नाही. त्या दिवशी रंगाऱ्याला लाकूड खाणारी माशी दिसली आणि मधला लगदा दिसला नाही. पण त्याने काढलेला निष्कर्ष, बर्रे आहे म्हणून सावध राहा, हा माझ्या निष्कर्षापेक्षा अचूक होता.

मग मी रीतसर ओळख पटवायला बसले. मेणाचे पोळे नाही, म्हणून आग्या मोहोळ, सातेरी, फुलोरी हे सगळे बाद. मोठ्या गांधीलमाश्यांच्या घरट्याला कागदी कवच असते, हे उघडे, म्हणून त्याही बाद. शिडीच्या पायाशी, रंगाऱ्याने झटकलेली एक मेलेली माशी सापडली. जेमतेम सेंटिमीटरभर किंवा थोडी जास्त लांब, मातकट तांबडी, पायांच्या सांध्यांवर पिवळे ठिपके आणि पोटाभोवती एक पिवळे कडे. ती काडेपेटीत घालून मी गांधीलमाश्यांचा अभ्यास असलेल्या एका परिचितांकडे नेली. त्यांनी भिंगाखाली धरली आणि हसून म्हणाले, “ही तर आपल्या गावची सर्वांत प्रसिद्ध माशी.”

रोपॅलिडिया मार्जिनाटा. हे नाव मी ऐकलेले होते, पण ती माझ्या खिडकीत राहत असेल असे कधी मनात आले नव्हते. आमच्या घरापासून फार दूर नसलेल्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर यांनी आपले बहुतेक संशोधक आयुष्य या एका माशीला दिले. त्यांची पीएचडी रेणवीय जीवशास्त्रातली, गांधीलमाश्या हा सुरुवातीला छंद. पुढे छंदच व्यवसाय झाला. पद्धत ऐकायला अगदी साधी वाटते. प्रत्येक माशीच्या अंगावर रंगाचे वेगवेगळे ठिपके द्यायचे, म्हणजे प्रत्येकीला ओळख मिळते, आणि मग तासन्‌तास लिहीत बसायचे की कोण काय करते.

1983 मध्ये त्यांनी आणि एन. व्ही. जोशी यांनी अशा नोंदींचे सांख्यिकी विश्लेषण प्रसिद्ध केले. पोळ्यावरच्या दिसायला सारख्या माश्या वागण्यावरून तीन गटांत पडतात : बसणाऱ्या, भांडणाऱ्या आणि अन्न आणणाऱ्या. आपल्याला वाटेल राणी भांडणाऱ्यांत असणार. याच कुळातल्या दुसऱ्या एका जातीत, रोपॅलिडिया सायाथिफॉर्मिसमध्ये, ती तशी असतेही. पण मार्जिनाटाची राणी बसणाऱ्यांत निघाली. ती मुकाट बसते, कोणावर धावून जात नाही आणि तरी अंडी तीच एकटी घालते. पोळ्याच्या पृष्ठभागावर पोट घासून ती आपला रासायनिक वास पसरते आणि ‘मी आहे’ एवढे सर्वांना कळवत राहते.

खरी गंमत राणी काढून घेतल्यावर होते. काही मिनिटांतच एक कामकरी माशी कमालीची आक्रमक होते, इतरांवर चढून जाते. राणी परत ठेवली की ती पुन्हा निमूट. राणी परत आलीच नाही, तर आठवडाभरात हीच नवी राणी होते आणि तिचाही राग मावळतो. ही वारस कोण असेल हे राणी असताना संशोधकांना कशावरूनही सांगता येत नाही, ना वागण्यावरून, ना आकारावरून. मग अनिंदिता भद्रा आणि गदगकर यांनी एक नामी प्रयोग केला, तो 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. पोळ्याचे दोन भाग करून मध्ये जाळी लावली. राणी एका बाजूला. दुसऱ्या बाजूला एक दावेदार उभी राहिली. मग राणी आणि दावेदार यांची अदलाबदल केली. कधी तीच दावेदार पलीकडेही निर्विवाद चालली. कधी पलीकडे दुसरीच पुढे आली आणि पहिलीने माघार घेतली. तिसरी मात्र कधी पुढे आली नाही. म्हणजे वारस आधीच ठरलेली असते आणि ती कोण, हे माश्यांना माहीत असते. माहीत नसते ते फक्त पाहणाऱ्याला. हा शोधनिबंध मी रात्री दोनदा वाचला. शिडीखालचा माझा धडा आठवत होता.

त्यानंतर मी रोज अर्धा तास काचेमागे बसू लागले. ठिपके देण्याचे धाडस नव्हते, त्यामुळे राणी मला शेवटपर्यंत कळली नाही. एक माशी सतत कोपऱ्यात बसलेली असे, मी तिला राणी ठरवले. चौथ्या दिवशी तीच एका अळीचा चघळलेला गोळा घेऊन उडत आली. नर मधूनच दिसत आणि नाहीसे होत. ते कोषातून निघाल्यावर आठवडाभरात पोळे सोडतात आणि परत येत नाहीत. त्यांना नांगी नसते, कारण नांगी म्हणजे अंडी घालण्याच्या अवयवाचेच रूपांतर.

आता प्रश्न होता घरट्याचे काय करायचे हा. मुकादमाचा सल्ला रॉकेलच्या बोळ्याचा होता. लाकडी छत्रीखाली आग लावण्याची ही सूचना त्याने इतक्या सहजतेने केली, की ऐकतच राहिले. मी इंटरनेटवर वाचले होते की थांबा, हिवाळ्यात वसाहत आपोआप मरते आणि जुने घरटे पुन्हा वापरले जात नाही. तो आधार घेऊन मी घरमालकांकडून एक महिना मागितला. हाही उसना आधार निघाला. ते वर्णन युरोप-अमेरिकेतल्या थंड मुलखातल्या जातींचे आहे. तिथे शरद ऋतूच्या शेवटी सगळ्या मरतात आणि फलित झालेल्या तरुण राण्या तेवढ्या लपून हिवाळा काढतात. दक्षिण भारतातल्या मार्जिनाटाला असला हिवाळाच नाही. तिच्या वसाहती वर्षाच्या कोणत्याही महिन्यात सुरू होतात, राण्या बदलत चालत राहतात आणि कोणत्याही महिन्यात संपतात. आपल्या खिडकीतल्या प्राण्याविषयी आपण दुसऱ्याच्या खिडकीतून वाचतो, ही सवय मलाही होती आणि आमच्या पाठ्यपुस्तकांनाही आहे.

आठ दिवसांनी रंगारी आला, राहिलेली मजुरी आणि पत्री न्यायला. रुग्णालयाचा खर्च मी केला होता, पण बुडालेल्या दिवसांचे पैसे त्याने मागितले नव्हते. मी ते दिले, तेव्हा त्याने मोजून घेतले. बरे वाटले. मी त्याला माशीचे पूर्ण नाव सांगितले, कागदावर लिहूनही दिले, डॉक्टरांना दाखवायला. त्याने कागद खिशात ठेवला आणि म्हणाला, “मैंने तो बर्रे बोला था.”

“हो,” मी म्हणाले. “तुम्ही बरोबर होता.”

त्याने विचारले, पुन्हा डसली तर पुन्हा असेच होईल का? मी म्हणाले, होऊ शकते, त्याहून वाईटही. ओठ सुजला, घसा आवळला, चक्कर आली, की घरगुती उपायात वेळ घालवायचा नाही, थेट रुग्णालय गाठायचे. तो ऐकत होता, पण पाहत होता छत्रीकडे. त्याचे सगळे काम असल्याच जागी असते, वळचणीखाली, झडपांमागे, गच्चीच्या कठड्याखाली. कागदावरचे लॅटिन नाव यातल्या कशावरही उपाय नव्हते, आणि तोवर मला घरट्याची काळजी त्याच्यापेक्षा जास्त वाटत होती, हे त्याच क्षणी माझ्या लक्षात आले. मी म्हणाले, तुम्ही सांगाल तसे करू. काढायचे असेल तर रात्री, माहितगार माणसाकडून काढून घेऊ. त्याने जरा विचार केला. “बाकी तीन कर लेते हैं. ये अभी छोड़ दीजिए. छेड़ना मत.”

उरलेल्या तीन छत्र्या त्याच्या चुलतभावाने रंगवल्या. चौथीखाली कोणी फिरकले नाही.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात, एका दुपारी, काचेमागून पाहिले तर पोळ्यावर एकही कामकरी माशी नव्हती. त्यांच्याऐवजी एक मोठी काळी गांधीलमाशी होती, पोटावर रुंद पिवळा पट्टा. व्हेस्पा ट्रॉपिका, मार्जिनाटाची मुख्य शत्रू. ती एकेका कोठडीत डोके घालून अळ्या ओढून काढत होती. आमच्या अठरा-वीस जणी बाजूच्या लाकडी पट्ट्यांवर ओळीने बसल्या होत्या. ज्यांच्या तीन डंखांनी एका माणसाचा श्वास अडकवला, त्या या शत्रूपुढे हललीसुद्धा नाहीत. ती शिकारी तासाभराने गेली, दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. तिसऱ्या दिवशी पोळे फाटलेल्या कागदासारखे लोंबत होते आणि पट्ट्याही रिकाम्या होत्या. चार-पाच माश्या मागच्या न्हाणीघराच्या झरोक्यात दिसल्या, नव्या देठाशी. त्याच होत्या का, ठाऊक नाही.

मी रंगाऱ्याला फोन केला. तो चुलतभावाला घेऊन आला आणि स्वतः फाटकाशीच थांबला. चुलतभावाने मला विचारले, “खाली है क्या?”

मी म्हणाले, मला तरी तसे वाटते, पण त्यांना विचारा. रंगारी फाटकाजवळून बराच वेळ वर पाहत राहिला. मग त्याने भावाला लांब बांबू आणायला सांगितला, फळीवर दोनदा ठोकायला लावले आणि दोघे पंधरा मिनिटे रस्त्यापलीकडे जाऊन उभे राहिले. काही बाहेर आले नाही. तेव्हा त्याने हात केला आणि शिडी लागली. न्हाणीघराच्या झरोक्याविषयी मी त्याला सांगितले. तो म्हणाला, माहीत आहे, येतानाच दिसल्या.